बॅग बदलली तरी खांदा दुखतोच: कॅमेऱ्याच्या बॅगा आणि पट्ट्यांची नेहमीची दुखणी

लग्नसराई संपत आली की माझ्या स्टुडिओत एकच प्रश्न येतो. लग्नाचे फोटो काढणारी पोरं आत येतात, खुर्चीत टेकायच्या आधी उजवा खांदा दाबतात आणि म्हणतात, "अण्णा, एक चांगली बॅग सांगा की." परवा निपाणीकडचा एकजण आला. तीन वर्षांत त्याची ही चौथी बॅग. "पहिली बाजूला लटकवायची घेतलो, मग पाठीवरची घेतलो, आता ही महागातली पण घेतलो. तरी दुखतंयच."

मी त्याला पाचवी बॅग सांगितली नाही. शेजारच्या किराणा दुकानात नेलं आणि बॅग तांदळाच्या काट्यावर ठेवायला लावली. ११ किलो २०० ग्रॅम. दुकानदार म्हणाला, "कोलम की इंद्रायणी?"

तिथंच पोत्यावर बसून एकेक वस्तू बाहेर काढली. कॅनन ५डी मार्क ४ ची बॉडी, म्हणजे लेन्स नसलेला नुसता कॅमेरा, बॅटरी-कार्डासकट ८९० ग्रॅम. दुसरी बॉडी ६डी मार्क २, ७६५ ग्रॅम. मग लेन्सा: २४-७० एफ २.८ ची दुसरी आवृत्ती, ८०५ ग्रॅम. ७०-२०० एफ २.८, ती एकटीच सुमारे दीड किलो. ८५ मिमी एफ १.८, ४२५ ग्रॅम. दोन फ्लॅश, सेल धरून एक किलोच्या वर. हा झाला साडेपाच किलोंच्या आसपासचा कामाचा ऐवज. रिकामी बॅग दोन किलोंची. मग उरलेले साडेतीन-पावणेचार किलो कशाचे? लिटरभर पाण्याची भरलेली बाटली, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन चार्जर, बंद पडलेला तिसरा फ्लॅश, कधीच न लागणारी जुनी किट लेन्स, हार्ड डिस्क, टॉवेल, आणि तळाशी मागच्या लग्नात मिळालेला मानाचा नारळ. तो नारळ पंधरा दिवस चिकोडी, संकेश्वर, बेळगाव असा फिरत होता.

तेव्हा बॅग दुखते म्हणून तक्रार असेल तर आधी काट्यावर ठेवा. वजन कळल्याशिवाय पुढचं काहीही ठरत नाही. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा, घेतला की खांदा मोकळा होईल असं बरेच जण समजतात. कॅननच्या मिररलेसला बसणारी नवीन आरएफ माउंटची ७०-२०० जुन्या लेन्सपेक्षा सुमारे ४०० ग्रॅम हलकी आहे हे खरं. पण जागा रिकामी झाली की बॅगेत दुसरं काहीतरी शिरतंच. नारळ नाही तर ड्रोन.

दुखतंय नेमकं कुठं?

हा प्रश्न मी बोट ठेवून दाखवायला लावतो, कारण जागा बदलली की कारणही बदलतं.

मान आणि खांद्याच्या मधला स्नायू दगडासारखा होत असेल, आणि तोही एकाच बाजूचा, तर बॅग एका खांद्यावर नुसती अडकवलेली असते. आपला खांदा उतरता असतो. पट्टा घसरू नये म्हणून तो आपण नकळत वर उचलून धरतो, आणि मंगल कार्यालयात आठ तास उचललेला राहतो. वजनाइतकाच त्रास या उचलून धरण्याचा असतो. आरशासमोर बॅग लावून उभे राहा. दोन खांदे एका रेषेत दिसणार नाहीत. उपाय फुकटातला आहे. पट्टा डोक्यातून घालून आडवा घ्या, पोस्टमनसारखा, आणि बॅग कमरेच्या मागच्या बाजूला सरकवा. आडवा घेतला की पट्टा आखूड पडतो, म्हणून घेतानाच लांबी बघून घ्या. जाड माणसाला, त्यात थंडीचं जाकीट घातलं की, बरेचसे पट्टे पुरत नाहीत. पट्ट्याखालची गादी गुळगुळीत कापडाची असेल तर खालच्या बाजूला रबरी पट्टी शिवून घ्या, घसरणं निम्म्यानं कमी होतं.

मानेच्या मागं, मणक्यावर दुखत असेल तर बॅगेला दोष देऊ नका. तो कॅमेऱ्यासोबत आलेल्या, कंपनीचं नाव मिरवणाऱ्या गळपट्ट्याचा प्रताप. बॉडी आणि ७०-२०० मिळून सव्वादोन-अडीच किलो गळ्यात लोंबकळतात. मान पुढं झुकते, माणूस तोल सांभाळायला पोट पुढं काढतो. ५० मिमी लेन्स लावून मुलाचा वाढदिवस टिपायला तो पट्टा पुरेसा आहे. लग्नाला नाही.

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर हा मजकूर बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. तिथं पट्टा बदलून भागत नाही.

आणि दोन्ही खांदे वरून दाबल्यासारखे दुखत असतील, तर बॅग पाठीवरचीच आहे, पण लावायची कशी हे कुणी सांगितलेलं नाही. निपाणीच्या पोराचं हेच होतं.

पाठीवरची बॅग लावायची रीत

शाळेपासून आपण दप्तर खांद्यानं उचलत आलो, म्हणून ही बॅगही खांद्यानंच उचलतो. पण वजन पेलायची जागा कंबर आहे. त्याला मी काट्याशेजारीच उभं करून लावायला शिकवलं. खांद्याचे दोन्ही पट्टे आधी पूर्ण सैल. मग कमरेचा पट्टा, आणि तो पोटावर नाही. दोन्ही बाजूंना हाताला लागतं त्या कमरेच्या हाडावर त्याची गादी बसली पाहिजे. करकचून आवळा. आता खांद्याचे पट्टे ओढा, पण इतकेच की बॅग पाठीला चिकटेल. मग खांद्याच्या वरून बॅगेच्या माथ्याकडे जाणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या ओढल्या की बॅगेचं डोकं मागं लोंबत नाही. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी, सैलसर. झालं का बघायचं असेल तर खांद्याच्या माथ्यावर पट्ट्याखाली बोटं घाला. सहज गेली पाहिजेत.

त्यानं केलं, दुकानापुढच्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "अण्णा, कमरेचा पट्टा तर नुसती नाडी आहे."

खरी मेख इथं आहे. कॅमेऱ्याच्या बहुतेक बॅगांना कमरेला बोटाएवढी पातळ पट्टी असते. ती बॅग हलू नये म्हणून असते. वजन घ्यायची तिची ताकद नाही. जास्तीत जास्त चार-पाच किलो न्यायचे असतील तर चालेल. राजहंसगडावर किंवा भीमगडच्या बाजूला सगळा बाडबिस्तरा घेऊन चालायचं असेल तर रुंद, गादीवाला, हाडावर बसणारा कमरपट्टा नसलेली बॅग फुकट मिळाली तरी घेऊ नका. दुसरं म्हणजे पाठीची लांबी. मानेखाली जो मणका टोचतो तिथून कमरेच्या हाडापर्यंत टेपनं मोजा, आणि दुकानात बॅग वजन भरून लावून बघा. उंच माणसाला आखूड बॅग आली की कमरपट्टा बरगड्यांवर चढतो, आणि सगळा भार परत खांद्यावर. दुकानदार रिकामी बॅग लावून "फस्क्लास बसली" म्हणतो. रिकामी बॅग सगळ्यांनाच बसते.

भरतानाही थोडं डोकं लावायचं. जड लेन्स पाठीला लागून, मधल्या कप्प्यांत. बाहेरच्या खिशात ट्रायपॉड अडकवला की तो मागं ओढतो. मोटरसायकलवर चोर्ला घाटातल्या वळणांवर हे फार जाणवतं. दूरच्या कामाला मी बॅग मागच्या सीटवर रबरानं बांधत नाही, कारण तिथले हादरे लेन्सचे बारीक स्क्रू सैल करतात. पाठीवर असली की आपलं अंगच स्प्रिंगचं काम करतं.

आता उलट बाजू. पाठीवरची बॅग न्यायची बॅग आहे, काम करायची नाही. मंगलाष्टकं चालू असताना बॅग उतरवून, चेन उघडून, लेन्स बदलेपर्यंत अक्षता पडून गेलेल्या असतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या इन्क्वायरर या वर्तमानपत्रातल्या जिम डॉम्के नावाच्या छायाचित्रकारानं १९७० च्या दशकात स्वतःसाठी साधी कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, ती याच कारणानं: फोम कमी, वरून उघडी, हात घातला की लेन्स हातात. पुढं तो धंदाच झाला. बॅगेत फोम जितका जाड तितकी बॅग चांगली, हा आपल्याकडचा समज मला पटत नाही. जाड फोम आतली जागा खातो आणि पावसाळ्यात पाणी धरतो. मी कार्यालयात मोठी बॅग वधूपक्षाच्या खोलीत कुलपात ठेवतो. अंगावर दोन बॉडी आणि कमरेला एक पाऊच, बस्स.

तिरपा पट्टा आणि रात्री दोनची गोष्ट

अंगावरच्या बॉडीसाठी सध्या सगळे तिरपा पट्टा वापरतात. एका खांद्यावरून आडवा जाणारा, खाली कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या भोकात स्क्रू लावून लटकणारा. सोयीचा आहेच. कॅमेरा मांडीपाशी उलटा लटकतो, हात घातला की पट्ट्यावरून सरकत डोळ्याला येतो. पण याचं एक दुखणं मला फार महागात पडलं.

आपल्या बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. काही वर्षांपूर्वी रात्री दोनच्या सुमाराला हुतात्मा चौकात एका चित्ररथासमोर मी कॅमेऱ्याकडे हात नेला आणि हाताला नुसती कडी लागली. कॅमेरा खाली डांबरावर. हलगीच्या आवाजात पडल्याचं ऐकूसुद्धा आलं नाही. २४-७० चं पुढचं रिंग चेपलं, बॉडीचा कोपरा गेला. पट्टा कुणाचा होता ते सांगत नाही, कारण नंतर दुसऱ्या दोन बनावटींवर तेच होताना पाहिलं.

स्क्रू सुटतो कसा, हे समजायला मला महिना लागला. कडी आणि स्क्रू यांच्यामध्ये एक फिरकी असते. कॅमेरा उचलला, खाली सोडला की जी पिळ बसते ती या फिरकीनं जिरवायची असते. त्याच्या तीन महिने आधी मी चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत होतो. तिथला हळदीचा भंडारा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. माणसं, बैल, रस्ता, सगळं पिवळं. तो भंडारा फिरकीत गेला, वर घाम बसला, आणि फिरकी घट्ट धरली. मग पिळ जाणार कुठं? ती स्क्रूत जायला लागली. प्रत्येक वेळी कॅमेरा उचलताना स्क्रू केसभर उलटा फिरत होता. पाव इंची स्क्रूला एका इंचात २० आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात तो सव्वा मिलीमीटरच पुढं जातो. कॅमेऱ्यातलं भोक जेमतेम पाच मिलीमीटर खोल. चारेक फेऱ्यांवर आपली लाखभराची वस्तू लटकत असते.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो. काम सुरू करायच्या आधी कडी बोटांत धरून फिरवून बघतो. लोण्यासारखी फिरली पाहिजे. अडखळली तर जुन्या ब्रशनं आणि थोड्या स्पिरिटनं धुऊन, वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. स्क्रूखालचं रबरी वायसर चपटं, चकाकतं झालं असेल तर बदलायचं. पकड त्या रबराचीच असते. स्क्रू हातानं आवळून झाल्यावर त्याच्या कडेपासून कॅमेऱ्याच्या प्लेटपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक लाल रेघ ओढतो. बायकोची बाटली. रेघ सरळ आहे तोवर निर्धास्त. सप्तपदी झाली की एकदा नजर, जेवणाच्या आधी एकदा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. आट्यांना लावायचा डिंक मिळतो, तो कुणी सुचवला तर नाही म्हणा. प्लास्टिकला लागला तर तडे जातात.

आणि एक जोडदोरी. कॅमेऱ्याच्या कानातून, म्हणजे पट्टा ओवायच्या कडीतून, तिरप्या पट्ट्याच्या कडीपर्यंत. स्क्रू सुटला तरी कॅमेरा दोरीवर लटकतो. दिसायला गबाळी दिसते. दिसू दे.

७०-२०० सारखी लेन्स असेल तर स्क्रू बॉडीच्या तळाला कधीच लावू नका, लेन्सच्या खाली ट्रायपॉडसाठी जो पाय असतो त्याला लावा. नाहीतर लेन्सचं सगळं वजन माउंटवर, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यावर, येतं, आणि हलक्या प्लास्टिक बॉडीत ते भोक धरून ठेवणारे स्क्रूच ढिले पडतात. दोन कॅमेऱ्यांचा जोडपट्टा घेणार असाल तर तो घालून एकदा खाली वाका. वाकल्यावर दोन्ही कॅमेरे पुढं झोके घेतात, आणि नेमक्या त्याच उंचीवर करवल्यांची डोकी असतात. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची छोटी क्लिप मिळते, ती त्यासाठीच.

साधा पट्टा निसटतो

हे दुखणं छोटं, पण दर महिन्याला कुणीतरी घेऊन येतंच. पट्टा बक्कलातून हळूहळू सरकत निघून येतो. कारण नव्वद टक्के वेळा एकच: ओवायची चूक. पट्ट्याचं टोक कानातून बाहेरून आत घ्यायचं, आधी छोट्या प्लास्टिकच्या कडीतून, मग बक्कलात, आणि शेपटी आतल्या बाजूला, दोन थरांच्या मध्ये दाबली गेली पाहिजे. बाहेर लोंबती शेपटी म्हणजे उलटं ओवलंय. चार बोटं शेपटी शिल्लक ठेवा. कापायची वेळ आलीच तर कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून वितळवा, नाहीतर धागे सुटत जातात. दोरीच्या गोल टिकल्यांचे पट्टे असतील, पीक डिझाइन कंपनीचे किंवा तसे, तर दोरीचं वरचं काळं आवरण झिजून आतला वेगळा रंग दिसायला लागला की टिकली फेकून द्या. तो रंग इशारा म्हणूनच ठेवलेला असतो.

जूननंतर

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात राहणाऱ्यांना मी काय सांगणार? मलप्रभेचं उगमस्थानच तिथं. पाऊस लागला की भिंतीलाही घाम सुटतो. पण दर दिवाळीला तिकडून कुणीतरी लेन्स घेऊन येतो, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, आणि म्हणतो, "बॅगेतच तर ठेवलो होतो, बाहेर काढलोच नाही."

बाहेर काढली नाही, म्हणूनच. बॅग कॅमेरा न्यायला असते, ठेवायला नाही. फोम ओल धरतो, आत अंधार, हवा नाही. दमटपणा ६०-७० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला निमंत्रण लागत नाही. कातडी पट्टे आणि कातडी बॅगा तर तिचं माहेर. पावसाळाभर कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल आणि छोटा दमटपणा-मापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवायचा. फार खाली नेला तर रबर सुकतं. केशरी जेल ओल पिऊन हिरवं पडलं की साधारण १२० अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते घेऊ नका, आणि कुठलंही जेल स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका. डब्यात तांदूळ घालायचा सल्ला सगळीकडे फिरतो. त्याचं पीठ लेन्सच्या रिंगमध्ये जातं. डांबराच्या गोळ्या तर नकोच, त्यांची वाफ काचेवर बसते.

बॅगेलाच वास मारत असेल तर सगळी पार्टिशनं वेल्क्रोतून सोडवा, कोमट पाणी आणि साधा साबण, मऊ ब्रश, आणि दोन दिवस कडक उन्हात. मशीनमध्ये टाकू नका. जुन्या बॅगेचा आतला चकचकीत थर चिकट होऊन पापुद्रे निघत असतील तर तो पाणी रोखणारा लेप ओलाव्यानं कुजलेला असतो. परत आणता येत नाही. घासून काढून टाका, त्या चिकटपणाला धूळ धरते.

पावसाचं कव्हर हेही एक फसवं प्रकरण आहे. ते बॅगेचं तोंड झाकतं. पाणी मात्र तुमच्या मानेवरून उतरून पाठ आणि बॅग यांच्या मधून आत जातं, आणि कव्हरच्या तळाशी डबकं होतं. मोटरसायकलवर वारा भरला की कव्हर फुग्यासारखं उडून जातं. रोप लावणाऱ्या बायका इरलं डोक्यापासून कमरेखालपर्यंत घेत, ती कल्पना बरोबर होती. बॅग पाठीवर घेऊन तिच्यावरून ढगळ पोंचो घालायचा. आणि बॅगेच्या आत, कप्प्यांभोवती, जाड प्लास्टिकची मोठी पिशवी. माझी साडीच्या दुकानातून मागून आणलेली आहे, चौथा पावसाळा चाललाय.

चेन

दाते जागेवर असून मागून उघडत जाणारी चेन बिघडलेली नसते, रनर फाकलेला असतो. बारीक पक्कडीनं त्याच्या दोन्ही कडा किंचित दाबा, अगदी किंचित, जास्त दाबलं की तो मोडतो. अडकत असेल तर दात ब्रशनं झाडून मेणबत्ती फिरवा. तेल नको, धूळ बसते. दातच गेले असतील किंवा पट्ट्याची शिवण उसवली असेल तर चपला शिवणाऱ्या मामांकडे द्या, दोऱ्यानं नाही, तंगुसानं शिवायला सांगा, आणि चौकोनात फुली मारून. निपाणीच्या पोरानं शेवटी तेच केलं. जुन्याच बॅगेला ट्रेकिंगच्या टाकाऊ सॅकचा रुंद कमरपट्टा बसवून घेतला, १५० रुपयांत. परवा फोन आला होता. बॅग आता ७ किलो ४०० भरते म्हणाला. नारळाची बर्फी केली म्हणे.